डोळा झाकणारा चमचा

मित्रांनो, मी चमचा आहे. वय चांगलं पस्तिशी ओलांडलेलं, पण माझ्या तोंडात आजवर भाताचं एक शीतही गेलेलं नाही. हसू नका. मला लांब दांडा आहे, पुढे काळी, गोल, खोलगट वाटी आहे, तरी मला जेवणाशी कुणी नेत नाही. माझं काम डोळा झाकायचं. भिंतीवर आकड्यांचा तक्ता असतो, माणूस थोडं लांब उभा राहतो, एका डोळ्यावर मला धरतो आणि दुसऱ्या डोळ्याने आकडे वाचतो. मग बाजू बदलतो.

यात काय मोठंसं, डोळा तर हातानेही झाकता येतो, असं म्हणणारे मला पुष्कळ भेटले. झाका की! पण बोटांच्या फटीतून माणूस हळूच बघतोच, आणि वर शपथेवर सांगतो की बघितलं नाही. माझ्या वाटीला फट नाही. माझ्यापुढे लबाडी चालत नाही, याचा मला भारी अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

देगू शहराबाहेर बटणं आणि कंगवे बनवणारा एक लहान कारखाना होता, तिथे माझा जन्म झाला. साच्यातून आम्ही एका दिवसात दोनशे भावंडं निघालो. कुणी शाळेत गेलं, कुणी सैन्यभरतीच्या दवाखान्यात गेलं. मी आलो थेट दक्षिणेला, समुद्राजवळ बांबूच्या टेकड्यांत वसलेल्या सोल्मे गावात. गावाच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता, एकट्या गोंगबाई नर्स होत्या. त्यांनी मला स्पिरिटने पुसलं, तक्त्याशेजारच्या खिळ्याला टांगलं आणि म्हणाल्या की आता या गावाचे डोळे तुझ्या भरवशावर. एवढा मान पहिल्याच दिवशी कुणाला मिळतो, सांगा बरं.

डोळ्यांची जात फार मायाळू असते. दोघं सख्खी भावंडं. एक आजारी पडला की दुसरा त्याचंही काम गुपचूप उरकतो आणि मालकाला कळू देत नाही. मोतीबिंदू एका डोळ्यावर साय धरतो, साखरेच्या आजाराने पडद्यावर रक्ताचे ठिपके पडतात, तरी माणूस म्हणतो, मला काय धाड भरलीय, मला सगळं दिसतं. मी चांगला डोळा झाकतो, आणि मग आजारी डोळ्याला स्वतःचं स्वतः उत्तर द्यावं लागतं. हां, काचबिंदू मात्र मलाही फसवतो. तो कडेकडेने नजर कुरतडत येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत राखतो. त्याला लवकर पकडायचं तर डॉक्टरांकडची यंत्रं लागतात. अभिमान असला म्हणून मी खोटं सांगणार नाही.

माझ्या कामाची एक गोष्ट गावात अजून सांगतात. बुनी आजी साठीच्या आत होत्या तेव्हा मी त्यांचा डावा डोळा झाकला, तर तक्ताच दिसेना. दुसरा डोळाही बरा नव्हता. दोन्हींकडे मोतीबिंदू. शहरात ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. घरी येऊन त्यांनी कपाट उघडलं आणि मटकन खालीच बसल्या. अंत्यविधीला घालायची त्यांची काळी विजार काळी नव्हतीच, चक्क निळी होती. तीच घालून त्या दोन वर्षांत तीन घरच्या मयताला जाऊन आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी टोपलीभर रताळी घेऊन त्यांनी तिन्ही घरी माफी मागितली. तिन्ही घरच्यांनी निळी विजार तेव्हाच बघितली होती, पण बिचारे काही बोलले नव्हते.

आता या बुनी आजींचे यजमान. त्यांचं नाव सॉक मानबोक. सोल्मेचे बाणकार. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना धनुष्यबाणाचा भारी नाद. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी तिरंदाजीचं मैदान आहे, आणि तिथे भात्यात मानबोक आजोबांचा बाण नसला तर मान खाली जायची. हिवाळ्यात तोडलेला बारीक बांबू वाळवायचा, निखाऱ्यांच्या कुंडीवर फिरवून गरम करायचा, खाच पाडलेल्या लाकडात धरून त्याचा वाक काढायचा. मग तो डोळ्यापुढे धरून डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने टोकापर्यंत बघायचं. सरळ नसेल तर पुन्हा निखाऱ्यावर. दिवसातून शेकडो वेळा हेच. पंचेचाळीस वर्षं आजोबांचा डावा डोळा कामाच्या वेळी मिटलेलाच राहिला.

या गृहस्थांनी मला वर्षानुवर्षं हात लावला नाही. वर्षातून एकदा गावाची डोळेतपासणी व्हायची, बुनी आजी त्यांना ओढून आणायच्या, आणि हे दारातूनच परत फिरायचे. जिल्ह्याचे बाण ज्याच्या नजरेवर सरळ जातात, त्याची नजर हा चमचा तपासणार होय, असं सगळ्यांदेखत म्हणायचे. लोक हसायचे. मी खिळ्यावर जळफळायचो. तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या धंद्याला अशी नावं ठेवतात का?

पुढे गोंगबाई निवृत्त झाल्या आणि तरुण हेसूनबाई आल्या. त्यांच्यामागून हनुवटी टेकवून बसायचं एक यंत्र आलं, पोरांच्या डोळ्यावर चिकटवायच्या रंगीत कागदी पट्ट्या आल्या, आणि मी गेलो खणात, बँडेजच्या गठ्ठ्याखाली. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण खणात पडलो तरी कान उघडे होते. दवाखान्याच्या बाकावर बसून बाया जे बोलतात ते वर्तमानपत्रात येत नाही. तिथेच मला कळलं की आजोबांचे बाण बिघडलेत.

पानझडीत सुरुवात झाली. नवे बाण निशाण सोडून भलतीकडे जायला लागले. निशाणाच्या बाजूला दोंगशिक आजोबांचा लसणाचा मळा. दोंगशिक म्हणजे मानबोक आजोबांचे लहानपणापासूनचे दोस्त आणि मैदानाचे म्होरके. ते मैदानभर सांगत सुटले की मानबोकने या वर्षी माझा लसूण खणून दिला, फावड्याला हात लावायची वेळ आली नाही. आजोबांनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी बांबूला दोष दिला आणि पलीकडच्या टेकडीवरून दुसरा बांबू आणला. मग कोळसा बदलला. मग तित्तराची पिसं विकणाऱ्याशी भांडले. पिसं चिकटवायच्या मासळीच्या सरसावर संशय घेतला आणि भांडंभर सरस ओतून दिला. बाण वाकडे ते वाकडेच. हिवाळा संपता संपता मैदानाने शेजारच्या जिल्ह्यातल्या बाणकाराकडे पन्नास बाण सांगितले. दोंगशिक आजोबांना ते सांगायला जायचं धैर्य झालं नाही, त्यांनी चिठ्ठी पाठवली. त्या दिवशी मानबोक आजोबा जेवले नाहीत. आपलं नाव गेलं, आता हातावर हात ठेवून घरी बसायचं, एवढंच ते बुनी आजींना म्हणाले.

वसंतात बुनी आजी गुडघ्याला मलम घ्यायला दवाखान्यात आल्या आणि हेसूनबाईंजवळ त्यांनी मन मोकळं केलं. रडता रडता एक हसण्यासारखी गोष्टही सांगितली. घरासमोरचा विजेचा खांब वाऱ्याने वाकलाय म्हणून यांनी विजेच्या ऑफिसात तीनदा फोन केला होता. शेवटी दोन माणसं आली, त्यांनी ओळंबा लावला, खांब सरळ. यांनी त्यांनाच झापलं, की सरळ कशाला म्हणतात ते मी पंचेचाळीस वर्षं बघतोय, तुम्ही मला शिकवू नका. ती दोघं मुकाट्याने शिडी उचलून गेली.

बाकावरच्या बाया हसल्या. हेसूनबाई हसल्या नाहीत. खांबाकडे बघताना आजोबा एक डोळा मिटतात का, असं त्यांनी विचारलं. बुनी आजींनी लगेच करून दाखवलं, बाण बघतात तस्सा डावा डोळा मिटून. ते कशाकडेही तसेच बघतात, म्हणाल्या, माझ्याकडेसुद्धा.

आणि मित्रांनो, खण उघडला. यंत्र काही उचलून नेता येत नव्हतं. हेसूनबाईंनी बँडेज बाजूला सारली, मला पुसलं आणि खिशात घातलं. तीन वर्षांनी मी उजेड बघितला.

आजोबांच्या कामाच्या खोलीत निखारे फुललेले होते. हेसूनबाई हुशार. डोळे तपासू या, असा शब्दसुद्धा त्यांनी काढला नाही. त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या की मला बाण पारखायला शिकवा. कुणी शिकवा म्हटलं की आजोबांचा राग निवळायचा. त्यांनी नुकताच केलेला एक बाण उचलला, डावा डोळा मिटला, उजव्याने बघितलं आणि सांगितलं, सरळ आहे, सुतासारखा.

"आता हा चमचा उजव्या डोळ्यावर धरा, आणि डाव्याने बघा," हेसूनबाई म्हणाल्या.

"डावा बिनकामाचा आहे पोरी. त्याला हे कधी शिकवलंच नाही."

"मग चूक त्याची निघेल. बघा तर खरं."

आजोबांनी मला हातात घेतलं, पहिल्यांदा. त्यांची बोटं राठ आणि गरम होती. त्यांनी मला उजव्या डोळ्यावर टेकवलं आणि डाव्याने बाणाकडे बघितलं. बघतच राहिले. मग बाण खाली घेतला, सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितला. मला काढलं, उजव्याने बघितलं. पुन्हा मला लावलं. बुनी आजी दारात उभ्या होत्या, त्यांनी जेवणाचं भांडं तसंच हातात धरून ठेवलं होतं.

"डाव्याने वाकडा दिसतोय," आजोबा म्हणाले.

आता कोणता डोळा खरा? बाणकार त्याचा निवाडा नखांवर करतात. नखांवर बाण टेकवून गरकन फिरवायचा. सरळ असला तर तो शांत फिरतो, वाकडा असला तर थरथरतो. आजोबांनी तो बाण फिरवला. तो थरथरला. मग त्यांनी भिंतीवरचा पाच वर्षांपूर्वीचा जुना बाण काढला. उजव्या डोळ्याला त्याच्या मध्यावर कुबड दिसत होतं. माझ्याआडून डाव्याने बघितलं तर तो सरळ होता. नखांवर तो इतका शांत फिरला की फिरतोय हेही कळेना. आजोबांनी तो परत खुंटीवर ठेवला.

"म्हणजे बांबू सरळच होते," ते म्हणाले. "मीच ते वाकवत होतो."

मी इतक्या लोकांचे डोळे झाकले, पण त्या क्षणी मला जसं वाटलं तसं कधी वाटलं नाही. ज्या माणसाने मला हसून घालवलं होतं त्याच्यावर मी जिंकलो होतो, आणि मला जराही आनंद झाला नाही. मला त्यांची कणव आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आजोबा, बुनी आजी आणि हेसूनबाई शहरात गेले, मी हेसूनबाईंच्या खिशात होतोच. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतले फोटो काढून समजावलं. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अगदी मधोमध, जिथून आपण वाचतो, माणसं ओळखतो, तिथे उतारवयात झीज होते. कुणाकुणाच्या तिथे नको त्या रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. पडदा फुगला की सरळ रेघ वाकडी दिसते, पुढे मध्ये करडा डाग येतो. दुखत नाही, लाल होत नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर कळतही नाही. सिगारेटने हा आजार जोर धरतो, आणि आजोबा निखाऱ्यावर सिगारेट पेटवूनच बांबू हातात घेत. पाझर थांबवायचा तर डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, दर महिन्याला, आणि उशीर करायचा नाही.

डोळ्यात सुई म्हटल्यावर आजोबा खुर्चीवरून उठलेच. बुनी आजींनी त्यांना बाहीला धरून खाली बसवलं. निखारे बोटांनी उचलणारा माणूस, आणि सुईला भितो, हे गावात सांगू का, असं त्या म्हणाल्या. आजोबा बसले. डोळा बधिर केल्यावर सुई लागलीच नाही, असं ते नंतर सगळ्यांना सांगत होते.

पण त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न विचारला. पानझडीत आलो असतो तर? डॉक्टरांनी खरं सांगितलं. तेव्हा आला असतात तर बरीचशी नजर राहिली असती. आता पाझर थांबेल, गेलेलं सगळं परत येणार नाही.

आजोबा म्हणाले, "बांबूवाल्याकडे गेलो, कोळशेवाल्याकडे गेलो, पिसंवाल्याकडे गेलो. एवढ्या जणांच्या दारात जाऊन भांडलो, फक्त तुमच्या दारात आलो नाही."

इंजेक्शनं चालू झाली, सिगारेट सुटली, आणि उजवा डोळा होता तिथेच थांबला. पण त्याला दिसणारं कुबड काही गेलं नाही. आजोबांनी निखाऱ्यांची कुंडी उलटी करून ठेवली. माझं संपलं, म्हणाले.

तेव्हा हेसूनबाई मला घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेल्या. डावा आहे ना, त्याला शिकवा, म्हणाल्या. सदुसष्टाव्या वर्षी? आजोबा चिडले. पण मग त्यांनी करून बघितलं, आणि अडचण निराळीच निघाली. बांबू समोर आला की सवयीने डावा डोळा आपोआप मिटायचा आणि उजवा टक्क उघडा राहायचा. पंचेचाळीस वर्षांची खोड ती, सांगून सुटते होय? मग हेसूनबाईंनी माझा दांडा एका पट्टीत अडकवला, पट्टी आजोबांच्या डोक्याला बांधली आणि मला उजव्या डोळ्यावर बसवलं. आता डावा मिटला की अंधार. झक मारत त्याला उघडं राहावं लागलं. मी दवाखान्यात परत गेलोच नाही. हेसूनबाईंनी वहीत लिहिलं, चमचा बाणकाराकडे कामावर.

काम शिकण्याआधी आजोबांनी एक गोष्ट केली, ती मी कधी विसरणार नाही. पानझडीपासून विकलेला एकेक बाण परत आणायला ते घरोघर गेले, एकतीस घरं. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. प्रत्येक घरी वाकून म्हणायचे, हे बाण मी बिघडवलेत, ते माझ्या नावाने राहायला नकोत. आणि मग यजमानांना दाराच्या चौकटीसमोर उभं करायचे, मला त्यांच्या डोळ्यावर धरायचे आणि विचारायचे की चौकट कशी दिसते. आता दुसऱ्या डोळ्याने? लोकांना वाटायचं म्हातारा चळला. पण बाणकार सॉक मानबोक स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने सांगतोय म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

दोंगशिक आजोबांचं घर शेवटचं. एका डोळ्याने चौकट स्वच्छ दिसली. मी तो झाकला, तर म्हणाले मध्ये कोळिष्टकं तरंगतायत, तुझ्या कोळशाचा धूर गेला असेल माझ्या डोळ्यात. त्यांना वीस वर्षांची साखर, आणि डोळे एकदाही तपासलेले नाहीत. मानबोक आजोबांनी चहासुद्धा घेतला नाही, दोस्ताला तसाच बसथांब्यावर नेला. साखरेमुळे पडद्यावर रक्त झिरपत होतं. लेझर वेळेवर झालं, नजर वाचली. दोंगशिक आजोबा पुढे आठवडाभर कुणाची थट्टा करेनात, तेव्हा गावाला वाटलं की आता हेच आजारी पडले.

उन्हाळाभर आजोबांनी शेकड्यांनी बांबू वाया घालवले. डाव्याला अंदाजच येईना. कधी बांबू करपायचा, कधी मोडायचा, आणि मग ते मलाच शिव्या द्यायचे. मी ऐकून घेतल्या. पानझडीत एकदा त्यांनी एक बाण नखांवर फिरवला, आणि तो शांत फिरला. तसे पाच झाले तेव्हा ते मैदानावर गेले. मी डोक्याला बांधलेलाच होतो.

आमच्याकडे एक रीत आहे. दिवसाचा पहिला बाण सोडण्याआधी तिरंदाजाने मोठ्याने म्हणायचं, "शिकतो आहे." नवखा असो की पन्नास वर्षं बाण मारलेला असो, म्हणायचंच. आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं, "पुष्कळ लागोत." मानबोक आजोबांनी हे शब्द आयुष्यभर तोंडदेखले म्हटले होते. त्या दिवशी त्यांनी दोंगशिकचं धनुष्य घेतलं, डावा डोळा उघडा ठेवला आणि म्हटलं. सगळ्यांना ऐकू गेलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. बाण सुटला. एवढ्या लांबचं निशाण त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ते दोंगशिक आजोबांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"लागला," दोंगशिक आजोबा म्हणाले.

मित्रांनो, मी साधा काळा चमचा, पण दोन म्हाताऱ्यांची नजर माझ्यामुळे वाचली, हे मी मान वर करून सांगतो. आता माझं एवढं ऐका. घरात चाळिशीच्या पुढचं जे कुणी असेल, आई, बाबा, मामा, आजी, त्यांना आज दारासमोर उभं करा. चष्मा असेल तर राहू द्या. तळहाताने एक डोळा झाकायला सांगा, बोटं घट्ट मिटून, आणि चौकट बघायला सांगा. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांना सारखंच दिसलं तरी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, कारण काही आजार अशा तपासणीत सापडत नाहीत. साखर असेल तर चालढकल मुळीच नको. आणि चौकट जर वाकडी दिसली, मध्येच तुटली, धुरकट झाली, तर सुताराला बोलावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.